मॉनिटर दोन सेकंद उजळतो आणि काळा पडतो: पॅनेल गेलं का?

ऐरोलीकर:
२२ इंची एलईडी मॉनिटर, सहा वर्षं वापरात. चालू केला की दोन सेकंद चित्र दिसतं, मग पडदा काळा. निळा दिवा चालूच. अंधारात टॉर्च तिरका धरला की डेस्कटॉप अंधुक दिसतो. ब्राइटनेस १० वर ठेवला तर पाच-सात मिनिटं टिकतो. दुकानदार म्हणतो पॅनेल बदला.

वागळे_बेंच:
टॉर्चमध्ये चित्र दिसतंय म्हणजे पॅनेल ठीक आहे, मेनबोर्डही बहुधा ठीक आहे, पॅनेलचे पैसे अजिबात घालवू नका. बॅकलाइटचा (पॅनेलमागच्या एलईडींच्या उजेडाचा) ड्रायव्हर प्रोटेक्शनमध्ये जातोय, म्हणजे बिघाड जाणवला की स्वतःच बंद होतोय. कारणं मुख्यतः दोन: बॅकलाइटच्या पट्टीतला एखादा एलईडी ओपन (आतून तुटलेला), नाहीतर पॉवर बोर्डवरचे कपॅसिटर थकलेत. ब्राइटनेस कमी केल्यावर टिकतो, म्हणून आधी कपॅसिटर बघा.

उघडण्याआधी प्लग काढा. तरीही मोठ्या ४०० किंवा ४५० व्होल्टच्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी उरलेलं असू शकतं. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी दहा सेकंद लावा आणि मीटरवर शून्य आलं का ते पाहा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

मग बोर्ड चालू असताना दोन मापं घ्या, काळा प्रोब सेकंडरी बाजूच्या, म्हणजे मेन्सपासून वेगळ्या कमी व्होल्टेजच्या बाजूच्या ग्राउंडलाच. एक, ड्रायव्हरला जाणारा सप्लाय. दोन, मेनबोर्डकडून येणारी बॅकलाइट ऑनची पिन. पडदा काळा झाल्यावरही ऑन पिनवरचं व्होल्टेज टिकून राहिलं, तर मेनबोर्ड निर्दोष.

खाडीकाठ:
एलईडीच्या कनेक्टरवरही मोजा. व्होल्टेज नेहमीपेक्षा वर उसळून लगेच पडलं तर पट्टी ओपन. खाडीच्या दमट हवेत त्या पिना हिरवट पडतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घट्ट बसवा. पट्टीच बदलायची वेळ आली तर लांबी, एलईडींची संख्या आणि कनेक्टर तिन्ही जुळायला हवेत.

ऐरोलीकर:
मोजलं. ऑन पिन ३.३ व्होल्टवरच राहते. सप्लाय १६ व्होल्ट आहे, बॅकलाइट लागताना ११ पर्यंत घसरतो. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या एका कपॅसिटरचं डोकं फुगलंय.

वागळे_बेंच:
सापडलं. त्या रेलवरचे (सप्लायच्या त्या लाइनवरचे) सगळे कपॅसिटर बदला, फक्त फुगलेला नाही. बाकीचे दिसायला सपाट असले तरी त्यांचा ईएसआर (आतला रोध) वाढलेला असू शकतो. १०५ अंशांचे, लो ईएसआर, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट २५ किंवा ३५. व्यास आणि उंची आधी मोजा, मागचं कव्हर बसायला हवं. नकारात्मक बाजूचा पट्टा बोर्डवरच्या खुणेशी जुळवा. लॅमिंग्टन रोडला किलोवर मिळणारे जुने कपॅसिटर घेऊ नका.