हायराइजच्या चित्रनामातील शेवटचे चार आकडे

प्रश्न:
मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर’ या यानावरील हायराइज कॅमेऱ्याने ३ ऑक्टोबर २००६ रोजी टिपलेल्या व्हिक्टोरिया विवराच्या चित्राचे नाव ‘टीआरए_०००८७३_१७८०’ असे आहे. पहिली अक्षरे मोहिमेचा टप्पा दाखवतात आणि मधला आकडा कक्षेचा क्रमांक आहे, एवढे समजले. परंतु १७८० हा अक्षांश म्हणावा, तर हे विवर विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम दोन अंशांवर आहे. शिवाय शनीच्या अभ्यासासाठी गेलेल्या कॅसिनी यानाच्या चित्रनामांत कक्षा दिसतच नाही. दोन्ही मोहिमांची निरीक्षणे एकाच तक्त्यात नोंदवायची असतील, तर ओळख म्हणून काय धरावे?

उत्तर १:
तो अक्षांश नसून कक्षेवरील स्थान आहे. मोजणी रात्रीच्या बाजूच्या विषुववृत्तापासून सुरू होते. तिथे शून्य, दक्षिण ध्रुवावर ९०, दिवसाच्या बाजूच्या विषुववृत्तावर १८० आणि उत्तर ध्रुवावर २७० अंश. १७८० म्हणजे १७८.० अंश, अर्थात यान दिवसाच्या बाजूचे विषुववृत्त गाठायला दोन अंश बाकी असतानाची जागा. तुमचे दोन अंश दक्षिण इथेच जुळतात. असा आडवळणाचा हिशेब ठेवण्याचे कारण असे की, एकाच टप्प्यातील नावे नुसती क्रमाने लावली तरी निरीक्षणे काळाच्या क्रमाने येतात. मात्र हा आकडा नियोजित केंद्राचा असतो, त्यामुळे नकाशावर बिंदू मांडताना लेबलमधील (चित्रासोबतच्या माहितीपत्रातील) अक्षांश-रेखांशच घ्यावेत.

उत्तर २:
कॅसिनीची रीत निराळी आहे. ‘एन१४५४७२५७९९_१’ यातील ‘एन’ म्हणजे अरुंद कोनाचा कॅमेरा (रुंद कोनाच्या कॅमेऱ्यासाठी ‘डब्ल्यू’), पुढचे दहा आकडे यानावरील घड्याळाचे सेकंद आणि शेवटचा १ आवृत्तीचा. ते सेकंद १९५८ च्या आरंभापासून धरले, तर हे चित्र फेब्रुवारी २००४ मधले ठरते. तरीही यानाचे घड्याळ किंचित पुढेमागे होत असल्याने नेमकी वेळ हवी असल्यास स्पाइस प्रणालीतून (यानांची वेळ व स्थान काढण्याच्या नासाच्या संगणक प्रणालीतून) रूपांतर करावे. नुसत्या भागाकारावर विसंबू नये.

उत्तर ३:
तक्त्याविषयी सांगायचे तर मोहीम, उपकरण आणि मूळ निरीक्षणनाम असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत आणि फाइलचे नाव चौथ्या रकान्यात घ्यावे, कारण हायराइजच्या एकाच निरीक्षणातून ‘रेड’ आणि ‘कलर’ अशा वेगवेगळ्या फाइली निघतात. नावाचे तुकडे करणारच असाल, तर ते रकाने आधी ‘मजकूर’ प्रकारचे करा. मी तसे केले नव्हते. ०००८७३ चे ८७३ झाले आणि तुकडे पुन्हा जोडून शोध घेतला, तेव्हा एकही चित्र सापडेना. सगळे शून्य हाताने भरण्यात माझी एक संध्याकाळ गेली.