‘आपलं घर’ ग्रुपवर: समाजमंदिरातली मातीची चित्रं

मीना आत्या: रविवारी १० वाजता समाजमंदिरात शाळेच्या पोरांचं चित्रप्रदर्शन हाय. विषय शांती अन् करुणा. आपल्या गुड्डीचंही चित्र हाय. सगळ्यांनी या. मोठेबाबा, तुम्हीपण.

नितीन: भारी! आत्या, पोरांकडून कागदाचे करकोचे करून घ्या ना. हिरोशिमाची सदाको. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, १९५५ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेली. दवाखान्यात पडल्या पडल्या करकोचे घडवायची.

मीना आत्या: सांगितलं बाबू वर्गात. दोघीतिघी रडल्या. मंग एक पोरगा म्हणे, म्याडम, आपल्याकडं तं बगळेच बगळे, करकोचा कोणी पाह्यला? खरं हाय लेकराचं.

म्हणून सेवाग्रामले नेलं. इतकं जवळ, पण अर्ध्या पोरांनी बापूकुटी पाह्यलीच नव्हती. तिथं गांधीजींच्या शिष्या मीराबेननं भिंतीवर मातीची चित्रं केली हायेत, ताडाची झाडं, चरखा. रंग नाही, काही नाही. लिपायचीच माती, जराशी वर उचललेली. पोरं बोट लावाले धावली, मी ओरडली. मंग परचुरे शास्त्रींची कुटी पाह्यली. संस्कृतचे एवढे पंडित, पण महारोग झालेला. गांधीजी सोता त्यांच्या अंगाले तेल चोळत. करुणा म्हणजे काय, हे मी फळ्यावर दोन दिवस लिहून राह्यली होती. तिथं एका पोरीनं हळूच विचारलं, "अन् मंग जेवताना?" कोणीच हसलं नाही.

वसंता काका: वर्गणी किती पाठवू?

मीना आत्या: नको. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहाले आले तं म्हणे, घराले १०० रुपयांच्या वर लागू नये. आम्ही त्याच्याही आत बसवून राह्यलो. माती गावचीच हाय.

सुनंदा काकू: माती गावची, पाट माझा 😡 नवा होता. शेण, माती अन् कुटार कालवून त्याच्यावर थापून ठेवलं पोरीनं. दोन दिवसांपासून न्हाणी भरून हाय.

गुड्डी: 📷 फोटो

गुड्डी: अजून ओलं हाय. वाळल्यावर चुना मारीन.

नितीन: अरे वा! शेताच्या धुऱ्यावर, बांधावर दोन बैल बसलेत. बाभूळपण. हा आपलाच धुरा ना?

सुनंदा काकू: गुड्डे, फोटो डिलीट कर.

गुड्डी: काऊन? आजीनं सांगितलं, आधी दोन्ही घरी एक-एकच बैल होता. मिळून जोडी व्हायची.

सुनंदा काकू: डिलीट कर म्हटलं ना. सगळे पाहून राह्यले.

मीना आत्या: राहू दे सुनंदा. मी तिले विचारलं, मोजणीचे दगड काऊन नाही काढले? म्हणे, ते चांगले नाही दिसत.

नितीन: 🙏

(दुपार गेली. कोणाचाच मेसेज नाही.)

मोठेबाबा: डावीकडचा आमचा सर्जा. त्याचं डावं शिंग मोडकं होतं. इथं दोन्ही सरळ हायेत

वसंता काका: उजवं

मोठेबाबा: डावं

वसंता काका: उजवं होतं दादा. पोळ्याले बेगड मीच लावत होतो. उजव्या शिंगाले बसतच नव्हती, दरसाल घसरायची

मोठेबाबा: बेगड तू लावत होता, पण औताले कोण धरत होतं

वसंता काका: तुम्ही. पण शिंग उजवंच

नितीन: आजीले विचारा ना कोणी

सुनंदा काकू: आजी झोपली हाय.

गुड्डी: मोठेबाबा, बाबा, लवकर सांगा, कोणतं मोडू? माती वाळून राह्यली