ओढ्यावरचे गाणारे पक्षी: जांबोटी-कणकुंबीकडे डिपर का नाही?

मलप्रभाकाठ (विचारणा)

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडे राहतो. आमच्या शिवारातून जाणारा ओढा पुढे मलप्रभेला मिळतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की या ओढ्यावर उजाडण्याआधीच शीळ ऐकू येऊ लागते. कोणी गुराखी पोरगा सूर आठवत, मध्येच विसरत चालला असावा, तशी ती वाटते. हा मलबार शीळकरी कस्तुर आहे, एवढे मला ठाऊक आहे. तो कातळावर बसतो, पाण्याच्या कडेला उतरतो, खेकडा उचलतो; पण पाण्यात शिरताना मी त्याला कधी पाहिलेले नाही.

हिमालयातला डिपर मात्र वाहत्या पाण्यात सरळ बुडी मारून तळाशी भक्ष्य शोधतो, असे वाचले. दक्षिण अमेरिकेत सिंक्लोड्स नावाचे पक्षी आहेत, ते डोंगरी ओढ्यांवर राहतात आणि त्यांतले काही समुद्राच्या खडकांवर लाटांच्या तुषारांत चरतात, हेही वाचनात आले. हे सगळे एकाच कुळातले आहेत का? कणकुंबी, चोर्ला, भीमगड या पट्ट्यात पाण्याला काही तोटा नाही, मग इथे डिपर का नसावा? आणि चोर्ला घाट उतरले की गोव्याचा समुद्र फारसा दूर राहत नाही. मग आपला कस्तुर तिथल्या खडकांवर चरायला का जात नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

घाटमाथा

आपण विचारलेले तिन्ही पक्षी तीन वेगळ्या कुळांतले आहेत. डिपरचे कूळ स्वतंत्र असून त्यात जगभरात पाचच जाती आहेत. त्यांपैकी तपकिरी डिपर आणि पांढऱ्या गळ्याचा डिपर या दोन जाती हिमालयात आढळतात. आपल्या कस्तुराला पूर्वी कस्तुरांच्याच कुळात धरत असत. जनुकीय अभ्यासानंतर त्याला माशीमार पक्ष्यांच्या कुळात घेतले गेले, म्हणजे दयाळ आणि गप्पीदास हे आता त्याचे भाऊबंद ठरतात. सिंक्लोड्स या दोघांपासूनही फार लांबचा आहे. दिसायला तपकिरी, पायांनी दणकट, खडकांवर तुरुतुरु पळणारा हा पक्षी दक्षिण अमेरिकेतल्या ‘ओव्हनबर्ड’ कुळातला आहे.

पाण्यात शिरण्याविषयी आपले निरीक्षण बरोबर आहे. डिपरचे शरीरच त्या कामासाठी घडलेले असते. त्याची पिसे अत्यंत दाट असतात, शेपटीच्या मुळाशी असलेली तेलग्रंथी मोठी असते आणि त्या तेलाने तो पिसे सतत माखत राहतो. नाकपुड्यांवर पडदा असतो, तो पाण्याखाली बंद होतो. पाण्याखालीही स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्याचे भिंग आकार बदलू शकते. रक्तात प्राणवायू साठवण्याची क्षमता इतर लहान पक्ष्यांपेक्षा जास्त असते. तो तळाशी ‘चालतो’ असे आपण वाचतो, परंतु पाण्याखाली राहण्याचे मुख्य काम पंखांचे असते; प्रवाहाच्या विरुद्ध पंख मारत तो स्वतःला खाली दाबून धरतो आणि दगडांच्या फटींतून अळ्या वेचतो.

कस्तुराजवळ यांतले काहीच नाही. तो काठावरचा शिकारी आहे. कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात एखाद्या ओढ्याशी शांत बसून राहिलात, तर त्याची पद्धत जवळून पाहायला मिळते. तो ओल्या कातळावर दोन-तीन उड्या मारतो, थांबतो, शेपटी पंख्यासारखी उघडून पुन्हा मिटतो आणि मग दगडाच्या सांदीतून एकदम खेकडा ओढून काढतो. खेकडा मोठा असेल तर त्याची नांगी चोचीत धरून तो खेकडा खडकावर आपटतो, नांगी तुटली की उरलेला खेकडा पुन्हा उचलतो, पुन्हा आपटतो. हे काम संपेपर्यंत तो जवळच्या माणसाकडेही फारसे लक्ष देत नाही. गोगलगायी, बेडूक, गांडुळे, किडे हेही त्याचे खाद्य आहे आणि उन्हाळ्यात रानफळांवरही त्याची गुजराण होते. या काळ्या दिसणाऱ्या पक्ष्याच्या कपाळावर आणि खांद्यावर खरा चमकदार निळा रंग असतो, पण तो उजेडाच्या विशिष्ट कोनातच दिसतो. म्हणून अनेकांना हा पक्षी नुसता काळाच वाटतो.

डिपर इकडे का नाही, याचे उत्तर मी स्वतंत्रपणे देईन. त्यासाठी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

निपाणीची वाचक

समुद्राच्या प्रश्नावर मी लिहिते, कारण त्यात मिठाची गंमत आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही.

कारवारच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे येतात. कुरवाच्या डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात. अंगात गेलेले जादा मीठ या ग्रंथी दाट खारट थेंबांच्या रूपाने नाकावाटे बाहेर टाकतात. चिमणी, बुलबुल, कस्तुर, डिपर, सिंक्लोड्स हे सारे ज्या मोठ्या गणात मोडतात, त्या गणातल्या पक्ष्यांना अशा कार्यक्षम ग्रंथी नाहीत. शिवाय समुद्रातले खेकडे, शिंपले, गोगलगायी यांच्या अंगातला रस जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतकाच खारट असतो. माशांचे तसे नाही. मासा आपल्या शरीरातले मीठ बरेच कमी राखतो. म्हणजे मासे खाणाऱ्या पक्ष्यापेक्षा किनाऱ्यावरचे खेकडे खाणाऱ्या पक्ष्याला जास्त मिठाला तोंड द्यावे लागते. आपल्या कस्तुराला ओढ्यातला खेकडा चालतो, म्हणून कारवारच्या खडकावरचा खेकडाही चालेल असे समजता येत नाही.

सिंक्लोड्सच्या काही जातींनी यातून वाट काढली आहे आणि ती मूत्रपिंडातून काढली आहे. चिलीच्या खडकाळ किनाऱ्यावर बारमाही राहणाऱ्या जातीची मूत्रपिंडे जास्त दाट मूत्र तयार करू शकतात, त्यामुळे मीठ बाहेर टाकताना पाणी कमी खर्च होते. ही जात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच चरते. पेरूच्या किनाऱ्यावरची तिची बहीण-जातही तशीच असून, या गणातले सर्वांत ‘समुद्री’ पक्षी म्हणून या दोघींचाच उल्लेख होतो. मला स्वतःला त्याहून विशेष वाटते ती करड्या कुशीची जात, कारण ती विणीच्या हंगामात अँडीजमधल्या गोड्या पाण्याच्या ओढ्यांवर असते आणि थंडीत खाली उतरून समुद्राच्या खडकांवर चरते. एकाच पक्ष्याच्या शरीराला ऋतूप्रमाणे गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही अन्नाशी जुळवून घ्यावे लागते. मूळ विचारणेत डोंगरी ओढा आणि खडकाळ किनारा ही जोडी आली आहे. एकच पक्षी ती पुरी करतो, याचे हे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

फॉकलंड बेटांवर याच गटातली एक काळपट जात राहते. ती इतकी धीट आहे की माणसाच्या पायाशी येऊन टिपते. परंतु जिथे उंदीर आणि मांजरे पोहोचली, त्या बेटांवरून ती नाहीशी झाली आहे. जमिनीवर वावरणाऱ्या आणि जमिनीलगत घरटे करणाऱ्या पक्ष्याला धीटपणा असा महागात पडतो.

आणखी एक खुलासा. काटेकोरपणे बोलायचे तर सिंक्लोड्स ‘गाणाऱ्या पक्ष्यां’च्या मुख्य शाखेत येत नाही, त्याच गणाच्या दुसऱ्या शाखेत तो मोडतो. ही दुसरी शाखा भारतात अगदी तुरळक आहे, पण तिचा एक प्रतिनिधी आपल्या परिचयाचा आहे. पावसाच्या तोंडावर रानात दोन स्वरांत साद घालणारा नवरंग हा तो पक्षी.

चंदगडचा शेजारी

वरील उत्तरे उत्तम आहेत. किनाऱ्याविषयी एवढीच पुस्ती जोडतो की आपल्याकडे खडकाळ किनाऱ्यावर दिसणारा एक गाणारा पक्षी आहे आणि तो म्हणजे निळा शैल कस्तुर. तो हिवाळी पाहुणा आहे. कोकण-गोव्याच्या समुद्रकड्यांवर तो बसतो, तसाच आपल्या बाजूला किल्ल्यांच्या तटांवर, दगडांच्या खाणींत आणि गोकाकसारख्या उघड्या खडकाळ जागीही बसतो. परंतु त्याला समुद्राशी काही देणेघेणे नाही. त्याला उघडा खडक हवा, मग तो राजहंसगडाचा असो की समुद्राकाठचा. किडे टिपणे, एखादा सरडा पकडणे, क्वचित फळे खाणे, असा त्याचा आहार असतो.

अनेक जण त्याला शीळकरी कस्तुर समजतात, म्हणून फरक सांगतो. शैल कस्तुर लहान आणि सडपातळ असून नराचा निळा रंग सगळीकडे सारखा, राखट झाक असलेला असतो; मादी तपकिरी आणि खालून खवल्यांच्या नक्षीची असते. तो उन्हात बसतो, शीळकरी कस्तुर सावलीत आणि ओलाव्यात असतो. पावसाळ्यात ओढ्यावर दिसलेला निळा पक्षी शैल कस्तुर असण्याचा संभव जवळजवळ नाहीच.

थंडीत त्याच ओढ्यावर पोटाशी पिवळा, शेपटी सतत वरखाली हलवणारा पक्षी दिसला तर तो करडा धोबी होय. तोही पाहुणाच आहे.

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. मिठाचा मुद्दा माझ्या अगदीच ध्यानात आला नव्हता. डिपरबद्दल मात्र माझी समजूत अशी होती की हिमालय इथून फार लांब आहे, एवढेच त्याचे कारण असावे. घाटमाथा यांच्या उत्तराची वाट पाहत आहे.

घाटमाथा

अंतर हे कारण आहेच, पण केवळ तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण तेच अंतर इतर काही प्राण्यांना आडवे आलेले नाही. जोरदार प्रवाहातल्या दगडांना चिकटून राहणाऱ्या माशांच्या ‘ग्लिप्टोथोरॅक्स’ आणि ‘बालिटोरा’ यांसारख्या प्रजाती हिमालयाच्या बाजूलाही आहेत आणि सह्याद्रीतही आहेत, मधल्या पठारावर मात्र त्यांना राहण्याजोगे पाणी फारसे नाही. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी यावरूनच १९४०च्या दशकात असे मांडले की पूर्वी कधी तरी विंध्य-सातपुड्याच्या रांगांतून हे प्राणी पश्चिमेकडे आणि तिथून सह्याद्रीत उतरले असावेत. त्यावर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले आणि मलाही ते सर्वच प्राण्यांना लागू पडेल असे वाटत नाही. पण मासे इथे आहेत आणि डिपर नाही, ही वस्तुस्थिती उरतेच. डिपरच नव्हे, हिमालयातल्या प्रत्येक ओढ्यावर दिसणारे काळे-पांढरे, लांब दुभंगलेल्या शेपटीचे फोर्कटेलही सह्याद्रीत नाहीत. शीळकरी कस्तुराचे घराणे मात्र इथे आहे: हिमालयात त्याची निळी जात आहे, सह्याद्रीत मलबारी आहे आणि श्रीलंकेत आणखी एक स्वतंत्र जात आहे.

माझ्या मते फरक आपल्या ओढ्यांच्या वार्षिक चालीत आहे. डिपरला थंड, उथळ, खळाळते आणि मुख्य म्हणजे स्वच्छ पाणी वर्षभर लागते, कारण त्याचे जवळजवळ सगळे अन्न, म्हणजे पाणकिड्यांच्या अळ्या, त्या पाण्याच्या तळाशीच असते. ओढा गढूळ झाला की त्याला दिसत नाही आणि आटला की खायलाच राहत नाही. आता आपल्या ओढ्यांकडे पाहा. जून ते सप्टेंबर ते तांबड्या पाण्याने दुथडी भरून वाहतात, मार्चनंतर बहुतेक ठिकाणी धार तुटते आणि डोह तेवढे उरतात. ज्या मलप्रभेचा उगम कणकुंबीला आहे, ती खानापूरला येईपर्यंत उन्हाळ्यात किती बारीक होते, हे आपण पाहताच. पश्चिमेकडे वाहणाऱ्या म्हादईच्या वरच्या ओढ्यांना दाट जंगलामुळे थोडा अधिक काळ पाणी राहते, तरी तिथेही वर्षाचा मोठा भाग डिपरच्या कामाचा नाही.

कस्तुराने नेमका उलटा हिशेब मांडला आहे. डिपरला जो पूर नकोसा असतो, त्याच पुराच्या दिवसांत कस्तुराची वीण असते. पहिल्या सरींबरोबर खेकडे बाहेर पडतात, गांडुळे आणि बेडूक मुबलक होतात आणि हे सगळे त्याला काठावर, पाण्यात न शिरता मिळते. उन्हाळ्यात ओढा आटला तरी रानफळे आणि सावलीतला पालापाचोळा त्याला पुरतो. म्हणूनच त्याची शीळ पावसाळ्यात भरात असते आणि थंडीत तो गप्प असतो. आपल्या ओढ्यावर डिपरची जागा कस्तुराने घेतली आहे असे काही जण लिहितात, ते मला पटत नाही. जिथे डिपर आहे त्या हिमालयी ओढ्यांवरही निळा शीळकरी कस्तुर सुखाने राहतोच. दोघांची कामे वेगळी आहेत, एक पाण्यात आणि दुसरा काठावर.

मलप्रभाकाठ

हे पटले. आता एक व्यवहाराची गोष्ट विचारतो. आमच्या गावच्या रस्त्यावर ओढ्यावरची जी मोरी आहे, तिच्या आतल्या कपारीत शेवाळ आणि मुळ्यांचे वाटीसारखे मोठे घरटे दरवर्षी दिसते. ते कस्तुराचेच असावे. मोरीची दुरुस्ती मंजूर झाली आहे. पंचायतीला काय सांगावे?

चंदगडचा शेजारी

ते कस्तुराचेच असणार. धबधब्यामागच्या कपारी, कातळातल्या खोबणी आणि अलीकडे पुलांच्या व मोऱ्यांच्या आतल्या कडा ही त्याची नेहमीची जागा आहे आणि तीच जागा तो वर्षानुवर्षे वापरतो. काम पावसाळ्यात कोणी काढणार नाही, ही जमेची बाजू. धोका आहे तो पावसाआधी घाईने उरकल्या जाणाऱ्या कामाचा, कारण वीण त्याच्या आधीही सुरू झालेली असू शकते. दिवाळीनंतर काम काढून जानेवारीअखेर संपवावे असे सुचवा. गिलावा करताना घरट्याची ती कपार सिमेंटने सपाट करू नये, एवढे गवंड्याला जागेवर नेऊन दाखवा; कागदावर लिहून ते होत नाही. घरटे असताना तिथे फोटोसाठी कोणी मोबाईलवर शीळ वाजवत बसू नये, हेही गावातल्या मुलांना सांगून ठेवा.