बोगद्यात कोणाचा बाण हलतो?

फोन असताना गाडीतल्या नेव्हिगेशनसाठी जादा पैसे कशाला मोजायचे, हा नेहमी ऐकू येणारा मुद्दा बऱ्याच अंशी पटतो. ट्रॅफिकची ताजी खबर फोनवर मिळते, नकाशेही शिळे होत नाहीत.

पण बोगदा विसरू नका. आत उपग्रहांचा सिग्नल पोचत नाही. गाडीतली यंत्रणा मात्र चाकांच्या फेऱ्या आणि जायरोस्कोप (वळण ओळखणारा सेन्सर) यांवरून किती पुढे आलो, कुठे वळलो याचा हिशेब करत राहते. एका लांब बोगद्यात आतच फाटा होता. डॅशबोर्डवरचा बाण संथपणे सरकत होता, बायकोच्या हातातल्या फोनवरचा मात्र बोगद्याच्या तोंडाशीच थिजला होता. त्या दिवसापासून माझं मत बदललं.

आणि हो, रेंज गेली की फोनचं जीपीएस बंद पडतं, हा गैरसमज आहे. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, अडतं ते नकाशावाचून. म्हणून निघण्यापूर्वी ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवाच. भर उन्हात काचेला चिकटवलेला फोन तापून स्क्रीन अंधुक होते, तेही लक्षात असू द्या.

मला विचाराल तर फोनचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं, २०१४ मध्ये आलेलं कारप्ले (आयफोनसाठी) किंवा नंतरचं अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनसाठी) वापरावं. काही गाड्या त्यातून स्वतःच्या सेन्सरची माहिती फोनला पुरवतात.