सतारीच्या फायबरग्लासच्या हार्ड केसला तडा : दुरुस्ती करावी की केस बदलावी?

सतारीच्या फायबरग्लासच्या हार्ड केसला प्रवासात दोन ठिकाणी मार बसला असून, ती दुरुस्त करावी की नवी घ्यावी, हे ठरवण्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. सतार सुखरूप आहे. भोपळा, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) आणि दांडीचा सांधा चांगल्या उजेडात तपासून पाहिला, कुठेही चीर आढळली नाही. त्यामुळे प्रश्न केवळ केसचा आहे.

केसच्या खालच्या, भोपळ्याच्या जागेच्या फुगवट्यावर साधारण वीतभर लांबीचा तडा गेला आहे. अंगठ्याने दाबले की तिथले कवच आत जाते आणि कडेने काचतंतू पांढुरके दिसतात, म्हणजे भेग वरच्या रंगाच्या थरापुरती नाही. दुसरे नुकसान दिसायला किरकोळ आहे, पण मला काळजी त्याचीच अधिक वाटते : दांडीच्या बाजूची एक बिजागरी रिवेटांसकट उपटली गेली आहे. त्यामुळे झाकण तिरके बसते, झाकणाची कड खाचेत जात नाही आणि वरून दाब आल्यास तो केसच्या काठावर न पेलला जाता थेट खुंट्यांवर आणि दांडीवर येईल.

आतल्या न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडे अ‍ॅसिटोन लावून पाहिले; पृष्ठभाग मऊ झाला नाही की चिकटही झाला नाही. म्हणजे केस एबीएस प्लास्टिकची नाही, आणि त्याच प्लास्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून भेग भरण्याचा उपाय इथे लागू पडणार नाही.

माझा विचार असा आहे की अस्तर व फोम सोडवून, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे म्हणजे भेग पुढे धावणार नाही, मग आतली बाजू घासून, कडा उतरत्या करून, तिथे काचतंतूंचे थर राळेत (घट्ट होणाऱ्या द्रव रेझिनमध्ये) भिजवून चढवावेत. अडचण राळेच्या निवडीत आहे. अशा केसेस बहुधा पॉलिएस्टर राळेच्या असतात, म्हणून दुरुस्तीही त्याच राळेने करावी असे सुचवले जाते. परंतु जुन्या, पूर्ण घट्ट झालेल्या थरावर इपॉक्सी या दुसऱ्या राळेची पकड तिच्यापेक्षा चांगली बसते. शिवाय पॉलिएस्टर राळेतील स्टायरीन या द्रावकाचा वास दीर्घकाळ रेंगाळतो, आत थर्मोकोल असेल तर तो विरघळतो, आणि लाखेचे पॉलिश असलेले वाद्य तशा बंद हवेत ठेवण्याची माझी तयारी नाही. त्यामुळे माझा कल इपॉक्सीकडे आहे. मात्र तुकड्या-तुकड्यांच्या काचतंतूंच्या चटईतील बांधणी (तंतू एकत्र धरणारा चिकट पदार्थ) बहुतेक वेळा स्टायरीनमध्येच विरघळते, इपॉक्सीत ती नीट सैल होत नाही आणि चटई वळणावर बसत नाही. म्हणून विणलेले काचकापड वापरावे लागेल, असे दिसते. हे काम ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी किती थर पुरेसे ठरतात आणि त्यानंतर किती दिवस केस उघडी ठेवल्यावर सतार आत ठेवली, हे कृपया सांगावे. (घासताना उडणारी काचेची धूळ लक्षात घेऊन मास्क वापरणार आहे आणि वाद्य दुसऱ्या खोलीत असेल, त्यामुळे त्याबद्दल चिंता नसावी.)

बिजागरीच्या बाबतीत मोठे रिवेट ठोकून भागेल असे वाटत नाही, कारण भोकांभोवतीचे कवचच पिचले आहे. भोके इपॉक्सीने भरून, आतून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी देऊन नवी भोके पाडावीत, की दांडीच्या सरळ भागात एकच सलग लांब बिजागरी लावून भार पसरवावा? दुसरा मार्ग मला पटतो, पण त्या भागाची कड पूर्ण सरळ नसल्यास झाकण अडेल, अशी शंका आहे.

नवी केस घेण्यास माझी हरकत नाही. अडचण मापाची आहे. दोन भोपळ्यांची खरज-पंचम सतार आणि एका भोपळ्याची गायकी सतार यांच्या बाह्याकृतीत फरक असतो, आणि एकाच प्रकारच्या दोन सतारींचे भोपळेही सारखे नसतात. तयार केस सैल पडली, तर वाद्य आतल्या आत सरकते आणि आपटल्यावर दांडीच्या सांध्याला झटका बसतो. अशा केसपेक्षा डागडुजी केलेली, पण घट्ट बसणारी जुनी केस मला अधिक सुरक्षित वाटते. प्लायवूडची, अ‍ॅल्युमिनियमच्या कडांची फ्लाइट केस मजबूत असते, पण एकट्याने उचलून नेण्याच्या दृष्टीने ती फार जड होईल. विमानात लांबी, रुंदी व उंची मिळून 158 सेंटीमीटर ही सर्वसाधारण सामानाची मर्यादा सतारीची कोणतीही केस बहुधा ओलांडतेच, म्हणून त्या मुद्द्यावरून निवड करण्यात अर्थ नाही.

मापानुसार केस करून घेतलेल्या सदस्यांकडून आणखी एक गोष्ट जाणून घ्यायची आहे. एकूण लांबी, भोपळ्याची रुंदी व खोली, खुंट्यांसह दांडीची रुंदी आणि घोडीपाशी (तारा जिच्यावर टेकतात तिथे) असलेली उंची एवढी मापे कारागिराला पुरतात का, की कागदावर सतारीची पूर्ण बाह्यरेषा काढून द्यावी लागते?