जुनी विंडोज पळायची, नवी रांगते. पटतंय का?

खटपट्या

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीच्या दुरुस्त्या मिळण्याची मुदत संपली आणि घरोघरचे धडधाकट पीसी रातोरात म्हातारे ठरले. विंडोज ११ च्या अटी आता पोराटोरांनाही पाठ आहेत: ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. विंडोज एक्सपी २००१ साली आली तेव्हा तिला किमान ६४ एमबी रॅम लागायची, १२८ असली की खूष. डिस्कवर दीड जीबी. म्हणजे वीस वर्षांत नुसत्या किमान रॅमची भूक चौसष्टपट.

बदल्यात मिळालं काय? फोल्डर उघडणं तेच, फाइल कॉपी करणं तेच, अर्ज टाइप करून प्रिंट काढणं तेच. माझं म्हणणं सरळ आहे. त्याच यंत्रावर जुनी आणि नवी विंडोज टाकली तर जुनी जिंकते. रॅम आणि एसएसडी (न फिरणारी वेगवान डिस्क) ओतून नवीला पळवणं याला मी वेग म्हणत नाही, ती भरपाई आहे. माझ्या लेखी २००९ ची सेव्हन ही शेवटची प्रामाणिक विंडोज.

पटत नसेल तर कारणं द्या. 'काळाबरोबर चला' छापाचे प्रतिसाद नकोत.

कर्नलकाका

"त्याच यंत्रावर" म्हणजे कोणत्या? हे ठरल्याशिवाय वाद पुढे सरकत नाही. २००४ च्या पेंटियम ४ वर एक्सपीच जिंकणार, अकरा तिथे उतरणारच नाही. आता २०२१ च्या शेवटी आलेला इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर घ्या. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत दोन जातींचे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) असतात, काही दांडगे, काही काटकसरी. कुठलं काम कुणाला द्यावं याचा इशारा प्रोसेसर स्वतः देतो आणि विंडोज ११ चा शेड्यूलर, म्हणजे कामं वाटणारा भाग, तो ऐकतो. सेव्हनला त्यातलं काही कळत नाही, तिला सगळे कोअर सारखे. जड काम काटकसरी कोअरवर जाऊन पडलं तरी तिला पत्ता नाही.

डिस्कचंही तेच. एक्सपीला ट्रिम माहीत नाही. फाइल पुसली तरी कुठले ब्लॉक मोकळे झाले हे ती एसएसडीला कळवत नाही, आणि लिहिण्याचा वेग हळूहळू बसत जातो. शिवाय ती पहिलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वाटा, ६३ व्या सेक्टरपासून (कप्प्यापासून) पाडते. ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर ते तिरकं बसतं, एका लिखाणापायी दोन सेक्टरना हात लावावा लागतो. ३२ बिटच्या एक्सपीत ८ जीबी रॅम खोचली तरी तिला ४ च्या आतलीच दिसणार. सेव्हनने ट्रिम आणलं, एक्सपीनंतरच्या व्हिस्टाने सरळ केलेलं पार्टिशन पुढे चालवलं, ६४ बिट रुळवलं. मग खटपट्याभाऊ, तुमची लाडकी सेव्हन जुन्यांत धरायची की नव्यांत?

अनाहूत

खुर्ची ओढून बसलोय. चालू द्या.

खटपट्या

काका, प्रोसेसर २०२१ चा आणि ओएस, म्हणजे विंडोज, २००९ ची अशी जोडी लावून तुम्ही जिंकलात, अभिनंदन. पण लोकांची तक्रार जड कामांची नाही हो. माऊसची टिचकी मारल्यापासून खिडकी दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याची आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाचणी आवृत्तीत एक सोय आणली: फाइल एक्सप्लोरर लवकर उघडावा म्हणून तो आधीच पार्श्वभूमीवर चढवून ठेवायचा. विचार करा! फोल्डर दाखवणारा प्रोग्राम, जो विंडोज ९५ मध्ये ८ एमबी रॅमवर उघडायचा, त्याला आता आधीपासून उठवून ठेवावं लागतंय. उजवी टिचकी मारली की आधी अर्धा मेनू येतो आणि नेमकं हवं ते 'आणखी पर्याय' म्हणून आत दडवलेलं असतं. कोअर दांडगा असो की काटकसरी, ही टिचकी मलाच मारावी लागते.

आणि नव्या विंडोज 'दहा सेकंदांत सुरू होतात' ही बढाई. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतं. कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तीच परत चढवतात. वरण आदल्या रात्री शिजवून ठेवायचं आणि पाहुण्यांना सांगायचं की पाच मिनिटांत केलं. तुलना करायची तर रिस्टार्ट मारून घड्याळ लावा.

मोजपट्टी

खटपट्यांच्या पहिल्या मुद्द्याला आकड्यांचा आधार आहे. २०१७ साली एका अभियंत्याने जुन्या-नव्या संगणकांवर कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंतचा वेळ वेगवान कॅमेऱ्याने मोजला होता. १९८३ चा ॲपल टू ई सुमारे ३० मिलिसेकंदांत अक्षर दाखवायचा. त्याच यादीतली कित्येक आधुनिक यंत्रं शंभरच्या पुढे. मधे कीबोर्डचं स्कॅनिंग, यूएसबी, ओएसच्या रांगा, खिडक्या एकत्र रंगवणारा कंपोझिटर, मॉनिटरचा रिफ्रेश अशा पायऱ्या वाढल्या आहेत. एक्सपीत खिडक्या थेट पडद्यावर रंगायच्या, म्हणून ती चटकन वाटायची.

पण त्याच एक्सपीत एखादा प्रोग्राम अडकला की त्याची खिडकी ओढल्यावर मागे पांढरे पट्टे उमटत जायचे, आठवतंय ना? कंपोझिटरने ते थांबवलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर कोसळला की एक्सपी बहुतेक वेळा निळा पडदा दाखवून झोपायची. व्हिस्टापासून ड्रायव्हर पुन्हा उभा करायची सोय आली, पडदा क्षणभर काळा होतो आणि काम पुढे चालू. न सेव्ह केलेलं दोन तासांचं काम वाचलं तर ते वेगात धरायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

पहारेकरी

वेगाच्या हिशेबातला एक खर्च कुणी बोललंच नाही. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष उघडकीला आले. प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो, त्या सवयीतूनच माहिती झिरपत होती. दुरुस्तीसाठी वेग द्यावा लागला. मायक्रोसॉफ्टने तेव्हाच सांगितलं होतं की इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या आणि नंतरच्या प्रोसेसरवर विंडोज १० असेल तर फटका एकआकडी टक्क्यांत राहील, पण जुन्या हॅसवेल पिढीचा किंवा त्याआधीचा प्रोसेसर आणि वर विंडोज ७ किंवा ८ असेल तर बहुतेकांना मंदपणा जाणवेल. म्हणजे दुरुस्ती केलेली सेव्हन तुमच्या आठवणीतल्या सेव्हनइतकी चपळ नाहीच. एक्सपीला ही पट्टी बांधलीच गेली नाही, म्हणून तिचा वेग शाबूत.

विंडोज ११ मध्येही कर्नलभोवती आभासी भिंत असते, मेमरी इंटिग्रिटी म्हणतात तिला. खेळांचा वेग कमी वाटला तर ती बंद करून पाहा, असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच २०२२ मध्ये सांगितलं. कुलूप काढून धावायचं तर कुणीही धावेल. २००३ चा ब्लास्टर किडा (व्हायरस) आठवा, पीसी साठ सेकंदांत बंद होणार म्हणून उलटी गिनती दाखवायचा. फायरवॉल आपोआप चालू ठेवायचं शहाणपण ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये आलं. रिझर्व्ह बँकेलाही २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना एटीएम एक्सपीवरून हलवायला जून २०१९ ची मुदत द्यावी लागली.

खटपट्या

पहारेकरी, ब्लास्टर सांगितलात, तसाच पसरणारा वॉनाक्राय का गाळलात? मे २०१७. बाधित यंत्रांत बहुसंख्य विंडोज ७ ची होती. एक्सपीवर तो किडा पसरण्याऐवजी बऱ्याचदा निळा पडदाच आणायचा!

पहारेकरी

म्हणजे एक्सपी इतकी दणकट की व्हायरसलाही धड चालवू शकली नाही. हा मुद्दा तुमच्या बाजूचा समजायचा का? आणि सेव्हनसाठीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, तेव्हा तिची मुदत चालू होती. अपडेट बंद करून ठेवणारे अडकले. ते का बंद करतात? 'पीसी स्लो होतो' म्हणून.

शाईचे बोट

तुमचं मिलिसेकंदाचं चालू द्या, आमच्या छापखान्याचं सांगतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, ग्रामपंचायतीचे फॉर्म. सगळं पेजमेकरमध्ये, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ चीच, त्यामुळे तो आणि एक्सपी एका वयाचे. १ जीबी रॅमवर फाइल डोळ्यांसमोर उघडते. लग्नसराईत गिऱ्हाईक समोर उभं असतं, "आजोबांचं नाव वर घ्या" म्हणतं, मी घेतो, प्रूफ काढतो. नवा लॅपटॉपही आहे दुकानात, तो बिलं आणि व्हॉट्सॲपला. त्याला कुणी 'वेगवान' म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही, पण माझं काम त्याच्यावर होत नाही.

कारण लिपीच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (त्याच्याशिवाय ते चालत नाही अशी किल्ली) पॅरलल पोर्टात, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या खाचेत, बसतो. विंडोज ११ फक्त ६४ बिट, तिथे तो ३२ बिटचा ड्रायव्हर चढत नाही. ज्यावर काम होतं ती ओएस वेगवान, एवढंच मला कळतं.

तिरकस

बोटराव, तुमच्या दुकानापुरतं शंभर टक्के खरं. पण एक्सपीवर युनिकोड मराठी वाचायची म्हणजे काय सोहळा असायचा! रिजनल सेटिंग्जमध्ये जा, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत खूण करा, मग ती म्हणणार विंडोजची सीडी घाला. सीडी बहुतेकांकडे नसायची, आणि ज्याने पीसी जोडून दिला त्याच्याकडची 'सगळ्यांची' असायची. तोवर वेलांट्या आणि जोडाक्षरं विखुरलेली. नव्या विंडोजवर पेटी उघडली की मराठी दिसतं, टाइप करायला भाषा जोडली की झालं. सीडी शोधण्यातले दोन दिवस मोजपट्टीने मिलिसेकंदांत करून द्यावेत.

पेंग्विनप्रेमी

आता माझी वाट बघतच असाल. लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका, ४ जीबीत आरामात चालते, ओएस नवी आणि यंत्र जुनं. सी-डॅकची बॉस ही लिनक्सही आहे.

शाईचे बोट

पेजमेकर चालेल?

पेंग्विनप्रेमी

वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय)... प्रयत्न करता येईल. डोंगलचं सांगता येत नाही.

कर्नलकाका

अनेकांच्या 'विंडोज १० स्लो आहे' या तक्रारीमागे ओएस कमी आणि फिरती हार्डडिस्क जास्त असते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते ना, तेच. लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक विखुरलेली वाचनं करू शकते, साधी एसएसडी हजारोंनी करते. दहा आणि अकरा मागे सतत काहीतरी करत असतात: शोधसूची, डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस), अपडेट. एसएसडीवर ते कळतही नाही, फिरत्या डिस्कवर दम लागतो. इथे मी खटपट्यांशी सहमत आहे. फिरत्या डिस्कवर सेव्हन सुसह्य होती, दहा नाही. विंडोज लिहिणाऱ्यांनी आपल्यासारख्या डिस्कवर ती चालवून पाहिलीच नसणार असं वाटतं.

रॅम 'खाल्ली' म्हणून ओरडणाऱ्यांशी मात्र नाही. रिकामी रॅम काही व्याज देत नाही. विंडोज ती पुढे लागेल अशा फाइलींनी भरते आणि मागितली की सोडते, दहापासून तर दाबून लहानही करते. खरी खादाडी ब्राउझरची, आणि जे चॅटचे प्रोग्राम पोटात अख्खा ब्राउझर घेऊन येतात त्यांची. तो भार ओएसच्या नावावर खपतो.

खटपट्या

डिस्कचं मान्य केलंत तिथेच माझा निम्मा धागा सुफळ झाला. उरलेलं निम्मं: तो ब्राउझर पोटात घालायची वाट दाखवली कुणी? वेबव्ह्यू, म्हणजे प्रोग्रामांना पोटात घालायला दिलेला ब्राउझर, विंडोज ११ मध्ये आधीपासूनच बसवून येतो.

बोटराव, तुमच्यासाठी. त्या पीसीची नेटची वायर काढून टाका, आजच. फाइल न्यायला एकच पेनड्राइव्ह ठेवा आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह त्यात खोचू नका, ते लॅपटॉपलाच. व्हर्च्युअल मशीनच्या (नव्या पीसीच्या आत आभासी जुना पीसी) नादी लागू नका. नव्या मदरबोर्डावर पॅरलल पोर्ट क्वचितच असतं, आणि यूएसबीची जी प्रिंटरवाली केबल मिळते ती सहसा प्रिंटरपुरतीच असते, डोंगल तिच्यावर बोलत नाही. आणि डिस्क आयडीई (जुन्या रुंद पट्टीच्या जोडणीची) असेल तर तिची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवा, ती मेली की वेगाचा प्रश्नच मिटला.

शाईचे बोट

आयडीईच आहे, ४० जीबी. अधूनमधून कटकट आवाज करते. इमेज काढायला पीसी बंद किती वेळ ठेवावा लागेल? तुळशीच्या लग्नानंतर उसंत नाही.

कर्नलकाका

आवाज करते म्हणताय तर लग्नसराईची वाट बघू नका. आयडीईवरून यूएसबीचा अडॅप्टर घ्या, रात्री लॅपटॉपला लावून ठेवा. डिस्क धड असेल तर ४० जीबी एक-दोन तासांचं काम. अडखळली तर रात्रभर.