मदत हवी आहे: ग्रँड नॅशनलसाठी घोड्याचा फॉर्म कसा जोखावा?

महालक्ष्मी आणि पुण्याच्या सपाट शर्यतींचे रेसकार्ड मला वाचता येते. परंतु लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवरील ग्रँड नॅशनलमध्ये, जिथे जवळपास सात किलोमीटरमध्ये ३० अडथळे ओलांडावे लागतात, तिथे घोड्याचा फॉर्म कसा जोखावा, हे उमगत नाही. घोड्याच्या नावाआधी मागील शर्यतींचे निकाल ‘१२पी३एफ’ असे दिसले, तर ‘पी’चा, म्हणजे जॉकीने घोडा मध्येच थांबवल्याचा, दोष घोड्याच्या दमाला द्यावा की त्या दिवशीच्या चिखलाला? ‘एफ’, म्हणजे पडणे, मला तितके चिंतेचे वाटत नाही, कारण जिंकण्याच्या बेतातला घोडाही शेवटच्या अडथळ्यावर पडू शकतो. टायगर रोल या घोड्याने २०१८ नंतर २०१९ मध्येही, वाढीव वजन पेलून, ही शर्यत जिंकली. मग हँडिकॅपच्या (सरस घोड्यावर जास्त भार देण्याच्या पद्धतीच्या) वजनाला कितपत महत्त्व द्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.